घर वाढलं, कागद तिथेच

हिमायतनगरात होळी झाली की जुन्या गल्ल्यांत माळवदं उघडायला लागतात. आजोबांच्या काळात छतावर अंथरलेली पांढरी माती टोपल्याटोपल्यानं खाली येते आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून गावाबाहेर जाते. सागवानी तुळया ओट्याला टेकवून ठेवलेल्या असतात. त्या विकायच्या की नव्या दारांना वापरायच्या, यावर घरात चर्चा चालू असते. मृग लागायच्या आत स्लॅब पडला पाहिजे, ही एकच घाई. दोन-अडीच महिन्यांत तीन खणांच्या माळवदाच्या जागी आरसीसीचे कॉलम उभे राहतात. स्लॅब झाला की कॉलमच्या सळया वर तशाच उघड्या सोडल्या जातात, पुढच्या मजल्यासाठी.

त्या सळया मला नेहमी थांबवतात. पोराचं लग्न होईल तेव्हा वर दोन खोल्या लागतील, म्हणून लोखंडाची तरतूद दहा वर्षं आधी करून ठेवणारी ही माणसं. पण त्याच घराचा नगरपंचायतीतला उतारा काढला तर अनेकदा वारलेल्या आजोबांचं नाव निघतं आणि बांधकामाच्या रकान्यात माळवदच. घर दोनदा वाढलेलं असतं, कागद तिथेच राहिलेला असतो. भांडण, नोटीस, कोर्ट हे सगळं या दोहोंच्या मधल्या जागेत शिरतं.

हिमायतनगर म्हणजे जुनं वाढोणा. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला, पैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की विदर्भ. परमेश्वराच्या मंदिराचं हे गाव आधी वाढलं, मग तालुका झालं, मग ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. ग्रामपंचायत असताना घराला खोली जोडायची तर ग्रामसेवकाच्या कानावर घातलं तरी भागल्यासारखं वाटायचं. नगरपंचायतीत तसं भागत नाही. तिथे १९६५ चा नगरपरिषदा व नगरपंचायतींचा अधिनियम लागतो, १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागतो, आणि डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबईसारखे अपवाद सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीही लागते.

पण नियमावलीच्या आधी नाव पाहावं लागतं.

समजा, वडील वारले. मागे आई, दोन भाऊ, दोन बहिणी. थोरला गावातच आहे, धाकटा पुण्याला नोकरीला, एक बहीण भोकरला दिलेली, दुसरी उमरखेडला. घर वडिलांच्याच नावावर. थोरला सोसायटीचं कर्ज काढतो, बायकोचे दागिने मोडतो आणि वर दोन खोल्या चढवतो. सगळ्यांचा आनंद असतो; वास्तुशांतीला बहिणी आहेर घेऊन येतात. पंधरा वर्षांनी धाकटा निवृत्त होऊन परत येतो आणि आपला हिस्सा मागतो. थोरला म्हणतो, खालचं घर वाटून घ्या, वरचं माझं आहे, मी बांधलंय. त्याच्या मनात तसूभरही खोट नसते. कायद्यात मात्र इमारत सहसा जमिनीबरोबर जाते. सामाईक जागेवर एका भावानं स्वतःच्या पैशानं मजला चढवला म्हणून तो मजला आपोआप त्याच्या एकट्याचा होत नाही. वाटणीच्या दाव्यात न्यायालय शक्य तर तो भाग त्याच्या वाट्याला देण्याचा किंवा त्याचा खर्च धरण्याचा विचार करू शकतं. पण त्यासाठी खर्च त्यानं केला हे सिद्ध करावं लागतं, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या सिमेंटच्या पावत्या कोणाकडे असतात?

बहिणींचा हिस्सा तर बहुतेक घरांत हिशेबातच धरलेला नसतो. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखाच हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं मिळतो. २००५ साली वडील हयात असण्याची अट त्याला नाही. गावातल्या मुस्लिम कुटुंबांत हिशेब वेगळा. तिथे जन्मानं हक्क नाही, वारसा मृत्यूनंतरच उघडतो, मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, आणि मुलं असतील तर पत्नीला आठवा. पण बांधणाऱ्याच्या दृष्टीनं गोष्ट एकच: ज्या जोत्यावर तो मजला चढवतोय त्यात आणखी कोणाचे तरी हिस्से आहेत.

यावर गावातला नेहमीचा सल्ला म्हणजे 'बहिणींच्या सह्या घेऊन टाका'. मला तो सल्ला इतक्या सहज दिलेला आवडत नाही. हक्कसोडपत्र ही मोठी गोष्ट आहे. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. वडिलोपार्जित मालमत्तेत भावाबहिणींसारख्या जवळच्या नात्यात त्याचं मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये. पण शुल्क कमी म्हणून हक्क हलका होत नाही, आणि एकदा नोंदवलेला कागद सहजी मागे फिरत नाही. बहिणीला खरोखर हिस्सा सोडायचा असेल तर तो तिनं सोडावा. नसेल सोडायचा, तर निदान बांधकामापूर्वी सगळ्या वारसांचं एक साधं संमतीपत्र करावं: घर सामाईक आहे, वरच्या दोन खोल्यांचा खर्च थोरला करतो आहे, खर्चाचा हिशेब तो ठेवील आणि वाटणीच्या वेळी तो धरला जाईल. यात कोणाचा हक्क जात नाही आणि बांधणाऱ्याचा पैसाही हवेत राहत नाही. थोरल्याच्या पंधरा वर्षांनंतरच्या मनस्तापावर एवढं एक पान पुरलं असतं.

दोन गैरसमज इथेच दूर केलेले बरे. मालमत्ता कराच्या उताऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नाही. ती कर कोणाकडून घ्यायचा याची नोंद आहे. आणि तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली होते ती वाटणी शेतजमिनीची, गावठाणातल्या घराला ती लागत नाही. घराची वाटणी हवी तर नोंदणीकृत वाटणीपत्र करा, नाहीतर दिवाणी न्यायालय. साध्या बाँडवर पंचांसमक्ष लिहून घेतलेलं आणि न नोंदवलेलं वाटणीपत्र कोर्टात वाटणीचा पुरावा म्हणून उभं राहत नाही. आधीच तोंडी झालेल्या वाटणीची नुसती आठवण म्हणून लिहिलेला कागद वेगळा. पण त्याचा मजकूर तसा आहे का, हे वकिलाकडून बघून घ्यावं.

जुन्या गावठाणाबाहेर, रस्त्याकडेला किंवा स्टेशनच्या बाजूला शेतातून गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. ती जमीन बिगरशेती झाली आहे का, लेआउट मंजूर आहे का, हे पाहायचं. नसेल, तर गुंठेवारी नियमित करण्याचा २००१ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नेली. आधी ते, मगच वाढीव खोली. मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्ग गावावरून जातो, त्यामुळे रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचं असेल तर रेल्वेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, हेही लक्षात असू द्यावं.

आता परवानगी. 'छोट्या घराला आता परवानगी लागत नाही' हे वाक्य गावभर फिरतंय आणि ते अर्धंच खरं आहे. गिलावा, रंग, फरशी, दारं-खिडक्या अशा डागडुजीला परवानगी लागत नाही. १९६६ च्या अधिनियमाचं कलम ४३ घराच्या आतल्या आणि बाह्य रूपात फारसा फरक न करणाऱ्या कामांना सूट देतं. पण माळवद आणि मातीच्या भिंती काढून कॉलमवर स्लॅब टाकणं, मागे खोली वाढवणं, मजला चढवणं ही डागडुजी नव्हे. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १६०० चौरस फुटांपर्यंत असेल, तर नियमावलीनं मोठी सवलत दिली आहे: परवानाधारक अभियंत्यानं किंवा वास्तुविशारदानं 'हे नियमात बसतं' असं प्रमाणित केलेला नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचं, आणि त्याची पावती हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरला १० दिवसांत परवानगी मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे छाननीचा फेरा वाचला, नियम नाही वाचले. रस्त्याकडेची जागा, उंची, प्रकाश-हवेसाठी सोडायचं अंतर हे सगळं पाळायचंच. ते पाळलं आहे असं सहीनिशी सांगणारा अभियंता आता तुमच्या आणि नोटिशीच्या मध्ये उभा आहे. म्हणून जागा न बघता सही देणाऱ्याकडून सही घेऊ नये. घरचा माणूस आजारी असताना आपण असल्या डॉक्टरकडे गेलो नसतो.

पावती नाही, नकाशा नाही, बांधकाम उभं, मग काय होतं? अनधिकृत बांधकाम हा १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ५२ खाली गुन्हा आहे आणि कलम ५३ खाली ते पाडण्याची नोटीस निघू शकते. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस आणि सुनावणी बंधनकारक केली. पण रस्ता, पदपथ, नदी-नाला अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला ते संरक्षण नाही. आपल्याकडे नेमकं तेच जास्त होतं: घर स्वतःच्या जागेत आणि ओटा, पायऱ्या नालीवर. त्याच वर्षी १७ डिसेंबरला दुसऱ्या निकालात न्यायालयानं सांगितलं की केवळ वर्षं उलटली किंवा अधिकारी गप्प बसले म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर ठरत नाही. 'वीस वर्षांपासून आहे' हा आपला आवडता बचाव त्यानं बराच कमजोर झाला.

वीस वर्षांचा आकडा दुसऱ्या एका ठिकाणी मात्र कामाचा आहे, शेजाऱ्याशी असलेल्या संबंधात. सलग वीस वर्षं कोणाच्या खिडकीतून उजेड-वारा येत असेल, वहिवाट चालू असेल, पाणी जात असेल, तर तो सुविधेचा हक्क होऊ शकतो. तुम्ही स्वतःच्याच जागेत भिंत उभी केलीत, तरी शेजाऱ्याच्या एकुलत्या खिडकीचा उजेड पूर्ण बंद झाला तर तो मनाई हुकूम मागायला जाऊ शकतो. काम अर्ध्यावर थांबलं, सेंट्रिंगचं भाडं चालू राहिलं, की जेरीस कोण येतो हे सांगायला नको.

जुन्या वस्तीत सगळ्यात नाजूक गोष्ट सामाईक भिंतीची. दोन माळवदांच्या मध्ये दोन हात रुंदीची एकच भिंत, तुमच्या तुळया एका बाजूनं तिच्यात घुसलेल्या, शेजाऱ्याच्या दुसऱ्या बाजूनं. ती भिंत तुमच्या बाजूनं सोलून काढली की पावसाळ्यात त्याचं घर बसतं. माझा आग्रह आहे की पाडायला हात लावण्याआधी शेजाऱ्याला सोबत घेऊन त्याच्या घराचे आतून-बाहेरून फोटो काढावेत, आधीच्या भेगा लिहून ठेवाव्यात, आणि दोघांच्या सहीचा एक कागद करावा: भिंत कोणाची किंवा दोघांची, ती कुठवर काढायची, आधार कोण देणार, नव्या भिंतीची रेघ कुठून, पागोळीचं पाणी कोणीकडे. वळचणीचं पाणी पूर्वी शेजाऱ्याच्या मोकळ्या जागेत पडत होतं म्हणून नव्या स्लॅबचा पाईपही तिकडेच सोडणं, यावरून गावात किती बोलणी बंद झाली असतील! छज्ज्याचंही तसंच. जमीन तुमची जिथे संपते, तिथे वरची हवाही संपते. आणि गॅलरी बाहेर काढताना महावितरणच्या तारा बघाव्यात: घरगुती वीजवाहिनीपासून आडवं किमान १.२ मीटर आणि उभं २.५ मीटर अंतर लागतं. ते नसेल तर तार हलवण्याचा अर्ज आधी करायचा, गॅलरी मग.

वर मजला चढवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं माणसांवर कोसळली. त्या आठवणीनं मराठवाड्यानं माळवद सोडलं आणि स्लॅब धरला. पण चुकीच्या जागी टाकलेला स्लॅब माळवदाइतकाच जड असतो. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात साडेचार रिश्टरचे धक्के बसले आणि ते नांदेडपर्यंत जाणवले, हे अजून ताजं आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. खालचा पाया एका मजल्यासाठी खोदलेला असेल तर वर ठेवलेल्या सळया दुसऱ्या मजल्याची हमी देत नाहीत. म्हणून संरचना अभियंत्याकडून जुना पाया आणि कॉलम तपासून लेखी अहवाल घ्यावा. परवानगीच्या कागदांत तो लागतोच, पण नाही लागला असता तरी घ्यायला हवा होता.

आता गुत्तेदार. आपल्याकडे काम उक्तं देतात, चौरस फुटाच्या दरानं, आणि देतात ओळखीच्याला. "मालक, आपण काय आजचे ओळखीचे आहोत का? कागद कशाला?" असं तो म्हणतो, आणि मालकाला कागदाचं नाव काढण्याचीच लाज वाटते. तोंडी करारही करारच असतो, १८७२ चा करार कायदा तो मानतो. अडचण एवढीच की तोंडी कराराच्या दोन प्रती दोन डोक्यांत असतात आणि काम वाढत जाईल तशा त्या वेगळ्या होत जातात.

उदाहरण घेऊ. मालकाच्या डोक्यात खोली २० बाय ३०, म्हणजे ६०० चौरस फूट. गुत्तेदार मोजतो स्लॅबच्या कडेनं: पुढे तीन फुटांची गॅलरी, मागे दोन फुटांचा छज्जा, म्हणून २० बाय ३५, म्हणजे ७०० चौरस फूट. मजुरीचा दर ३०० रुपये धरला तर फरक ३०,००० रुपयांचा. दोघांपैकी कोणीही लबाड नाही; दोन्ही पद्धती बाजारात चालतात. जिन्याचं माप कसं धरायचं, टॉवरची खोली पूर्ण की अर्धी, जोतं तीन फुटांवर गेलं तर वरचं भरणं कोणाचं, गिलाव्यात खिडक्या-दारं वजा करायची का, हे सगळं 'चौरस फूट' या एका शब्दाच्या पोटात दडलेलं असतं. म्हणून करारात दराच्या आधी मोजण्याची रीत लिहावी. शेवटी माप कोण घेणार, हेही आधीच ठरवावं: अमुक अभियंता मोजेल आणि ते दोघांना मान्य. भांडण नसताना निवडलेला पंच दोघांनाही आपला वाटतो.

काम 'फक्त मजुरीवर' दिलं की 'मटेरियलसह', हे तर स्पष्ट हवंच. फक्त मजुरीवर असेल तर स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाच्या मजुरीवर जीएसटी लागत नाही. मटेरियलसह असेल तर कोणत्या कंपनीचं सिमेंट, कोणत्या जातीची सळई, स्लॅबची जाडी किती, मिश्रणाचं प्रमाण काय, फरशी कोणत्या दरापर्यंतची, एवढं तरी लिहा. आणि आपल्या भागात एक प्रश्न हमखास राहून जातो, तो पाण्याचा. एप्रिल-मेमध्ये टँकर कोणी आणायचा? काँक्रीटवर निदान सात दिवस, कोरड्या उष्ण हवेत दहा दिवस पाणी मारावंच लागतं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्याचे चौदा दिवस काढू नयेत, असं भारतीय मानक सांगतं. गुत्तेदाराला सेंट्रिंग दुसऱ्या साईटवर न्यायचं असतं, मालकाला पाण्याचा खर्च नको असतो, आणि या दोघांच्या ओढाताणीत स्लॅब कच्चा राहतो. पाणी मारण्याची जबाबदारी आणि टेकू काढण्याची तारीख कागदावर असेल तर तो वाचतो.

पैसे कसे द्यायचे, याचा नमुना गावात डोळ्यांसमोर आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत लाभार्थ्यानं स्वतः बांधायच्या घराला शहरी भागात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असं अनुदान मिळालं; जुन्या घराला किमान ९ चौरस मीटरची भर घालणंही त्यात बसत होतं. पण ते पैसे एकरकमी आले नाहीत. पाया झाला की जागेवर येऊन फोटो, मग हप्ता. पुढचा टप्पा, पुन्हा फोटो, पुन्हा हप्ता. सरकार परक्या माणसाला ज्या रीतीनं पैसे देतं ती रीत आपण ओळखीच्या गुत्तेदाराला वापरत नाही. तो दिवाळीला उचल मागतो, मुलीच्या लग्नाला मागतो, आणि आपण देतो, कारण माणूस म्हणून नाही म्हणवत नाही. द्यायला हरकत नाही, पण ती उचल टप्प्याच्या हप्त्यातून वळती होईल असं लिहून. बयाणा लहान ठेवा. पाया, जोतं, स्लॅब, गिलावा, फरशी असे टप्पे पाडा, दिलेला पैसा झालेल्या कामाच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि शेवटचे पाच ते दहा टक्के पहिला पाऊस होईपर्यंत राखून ठेवा. पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं द्या. रोख द्यावेच लागले तर वहीत त्याची सही घ्या.

सगळ्यात जास्त भांडणं वाढीव कामाची. काम चालू असताना घरच्या बाईला देवघराची जागा बदलावीशी वाटते, न्हाणीला टाईल्स वरपर्यंत हव्याशा वाटतात, आणि मिस्त्री "करू की" म्हणतो. शेवटच्या हिशेबात त्याची वेगळी यादी येते. 'हे आम्ही पैशाचं बोललोच नव्हतो' म्हणून सुटता येत नाही. कोणी फुकट करायचा हेतू नसताना काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर करार कायद्याचं कलम ७० योग्य मोबदला द्यायला लावतं. उपाय सोपा आहे. बदल ठरला त्याच संध्याकाळी काय, किती, कोणत्या दरानं, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्याचं 'ठीक आहे' येऊ द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंद कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह पुराव्यात घेता येते. म्हणून तो मोबाईल आणि ते संभाषण जपा.

मुदत लिहा, पण तिला जोडलेल्या दंडाकडून फार अपेक्षा ठेवू नका. 'उशीर झाल्यास रोज हजार रुपये' असं लिहिलं तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाई देतं. लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. त्यापेक्षा उपयोगी कलम काम सोडून जाण्याचं आहे. पंधरा दिवस विनाकारण काम बंद राहिलं तर लेखी नोटीस, मग करारात ठरवलेल्या अभियंत्याकडून झालेल्या कामाचं मोजमाप, मग हिशेब, आणि त्यानंतरच दुसरा मिस्त्री. मोजमापाआधी दुसऱ्याचं थापी-ओळंबं आत आलं की पहिल्याचं काम कुठे संपलं हे कोणालाच सांगता येत नाही. स्टॅम्प किती रुपयांचा, यावर लोक फार वेळ घालवतात. कामाच्या रकमेप्रमाणे शुल्क भरावं हे खरं, पण कराराचं बळ त्यातल्या मजकुरात, दोघांच्या प्रत्येक पानावरच्या सहीत आणि दोन साक्षीदारांत असतं.

वाळूबद्दल थोडक्यात. दारात टाकलेल्या वाळूची वाहतूक पावती मागून घ्या. पावतीविना गौण खनिज सापडलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली स्वतः मोजून घ्या.

मजुरांबद्दल मात्र थोडक्यात बोलता येणार नाही. परांचीवरून पडलेला बिगारी कोणाचा? गुत्तेदार म्हणतो, 'मालकाच्या घरी पडला', मालक म्हणतो, 'गुत्तेदाराचा माणूस'. पाडकामात किंवा बांधकामात निष्काळजीपणे कोणाच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९० लागतं, मृत्यू झाला तर कलम १०६. करारात मजुरांची, त्यांच्या मजुरीची आणि सुरक्षिततेची जबाबदारी गुत्तेदाराची असं लिहावंच. पण त्याहून आधी विचारावं की या माणसांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला ती करता येते, आणि अपघातात त्याच्या घराला मंडळाची मदत मिळू शकते. तुमच्या घरावर त्यानं घालवलेले दिवस त्या ९० मध्ये धरले जावेत म्हणून नोंद ठेवायला तुमचं काहीच जात नाही. त्याच्या बायको-पोरांसाठी ती नोंद फार मोठी असते.

इतकं करूनही बिघडलंच, तर पोलीस ठाणं हा पहिला दरवाजा नव्हे. अर्धवट काम हा बहुतेक वेळा दिवाणी वाद असतो. मालकासाठी जवळचा रस्ता नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. मोबदला घेऊन केलेलं घराचं बांधकाम ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. फोटो, करार, पैशाच्या नोंदी आणि दुसऱ्या अभियंत्याचा अहवाल, एवढं हाती असावं. उलट बाजूनं, काम पुरं करूनही मालकानं पैसे बुडवले असे गुत्तेदारही गावात आहेत, आणि त्यांचं दुःख कोणी विचारत नाही. काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत त्यांना दिवाणी दावा करता येतो. वर सांगितलेला प्रत्येक कागद त्यांच्याही तितकाच कामाचा आहे.

काम संपल्यावर उरतं ते सगळ्यांचा कंटाळा आलेलं काम: पूर्णत्वाचा दाखला मागणं, नगरपंचायतीत जाऊन नव्या बांधकामाची कर-आकारणी करून घेणं, वारसांची नावं लावणं. कर वाढेल म्हणून लोक हे टाळतात. पण कर्ज काढताना, विकताना, आणि घर पडलं-झडलं तर नुकसानीचा पंचनामा होताना सरकारच्या लेखी तिथे अजून माळवदच उभं असतं. नावं लावताना बहिणींचीही लावा.

मग मृग येतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर गुत्तेदाराला बोलवा, दोघं मिळून स्लॅबवर जा, खाली येऊन छताखाली उभे राहा. जिथे ओल उतरली असेल तिथे खडूनं गोल करा, मिस्त्री ते करून देईल. पुढच्या पावसात ते गोल कोरडे राहिले की राखून ठेवलेले पैसे त्याच्या खात्यावर टाका, कराराच्या शेवटच्या पानावर 'हिशेब चुकता' लिहून दोघांच्या सह्या करा, आणि ते पान नकाशा, पावती, संमतीपत्र आणि शेजाऱ्याच्या भिंतीच्या फोटोंसोबत एकाच फाईलमध्ये ठेवा. सळया वर उघड्या आहेतच. पुढचा मजला चढवायला निघालेल्या पोराला ती फाईल कुठे आहे, हे आजच सांगून ठेवा.